ताबा, तारीख आणि तडजोड: महाराष्ट्रातील घरमालक-भाडेकरू वाद मध्यस्थीने कसा मिटवावा

जागेच्या ताब्याचा दावा दाखल झाला की कागदावर प्रश्न एकच उरतो: भाडेकरूला जागेतून काढता येईल की नाही. प्रत्यक्षात मालकाला मुलाच्या लग्नाआधी वरची खोली हवी असते. भाडेकरूला मुलीची दहावी होईपर्यंत शाळा बदलायची नसते. दुकानदाराला दिवाळीचा हंगाम हातचा घालवायचा नसतो. पुराव्यावर निकाल देताना न्यायाधीशांना यांतल्या बहुतेक गोष्टी बाजूला ठेवाव्या लागतात. मध्यस्थीत मात्र बोलण्याची सुरुवात नेमकी तिथूनच होते.

म्हणूनच ताब्याचे दावे मध्यस्थीला चांगले मानवतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ मुळे न्यायालय पक्षकारांना मध्यस्थीकडे पाठवू शकते. हे कलम आजच्या रूपात १ जुलै २००२ पासून लागू आहे. कोणते वाद अशा मार्गांना योग्य, याची यादी सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या ॲफकॉन्स निकालात दिली. तिच्यात मालक-भाडेकरू आणि लायसन्स देणारा-घेणारा यांच्यातील वादांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे ‘आमचा दावा भाडे कायद्याखालचा आहे, त्यात कसली मध्यस्थी?’ असे कोणी म्हणाले तर ते मनावर घेऊ नका.

आधी नाते नीट ओळखा

मध्यस्थीच्या खोलीत शिरण्याआधी एक गोष्ट कागदावरून पक्की करा: राहणारी व्यक्ती भाडेकरू आहे की लायसन्सवर (ठरावीक मुदतीपुरती फक्त वापराची परवानगी घेऊन) आहे. बोलीभाषेत दोघांनाही आपण भाडेकरूच म्हणतो, पण दोघांचे बळ सारखे नसते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याखालच्या भाडेकरूला मोठे संरक्षण आहे. तो भाडे भरत असेल आणि कायद्याच्या अटी पाळत असेल, तर कलम १६ मधले एखादे कारण सिद्ध केल्याशिवाय मालकाला ताबा मिळत नाही. पोटभाडेकरू ठेवणे, परवानगीशिवाय पक्के बांधकाम करणे, शेजाऱ्यांना उपद्रव, सलग सहा महिने जागा सबळ कारणाशिवाय न वापरणे, मालकाची स्वतःची वाजवी आणि प्रामाणिक गरज ही त्यांतली नेहमीची कारणे. गरजेच्या कारणात न्यायालय आणखी एक तुलना करते: हुकूमनामा (ताबा देण्याचा न्यायालयाचा आदेश) दिला तर कोणाला जास्त त्रास, आणि नाही दिला तर कोणाला.

राहण्यासाठी घेतलेल्या लिव्ह अँड लायसन्सची गोष्ट निराळी आहे. मुदत संपली की कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो. मुदतीनंतर जागा अडवून धरणाऱ्यावर लायसन्स फीच्या दुप्पट दराने भरपाईची जबाबदारी येते. इथे ‘जागा सोडायची का’ यावर बोलण्यासारखे फारसे नसते. बोलणी होतात ती तारखेवर, अनामत रकमेवर आणि दुप्पट दरातून किती सूट द्यायची यावर.

मोठ्या कंपन्या, बँका आणि सरकारी उपक्रमांना दिलेल्या अनेक जागांना भाडे कायदा लागूच होत नाही. त्यांचे हिशेब मालमत्ता हस्तांतरण कायद्यावर चालतात. पुढचे विवेचन मुख्यतः घर आणि छोटे दुकान यांच्यासाठी आहे.

बोलणी चालू असताना काय करू नये

मालकाने पाणी किंवा वीज तोडू नये, कुलूप बदलू नये, सामान बाहेर काढू नये. अत्यावश्यक सोयी तोडायला भाडे कायद्याच्या कलम २९ ची मनाई आहे. कायद्याचा मार्ग सोडून जबरीने बाहेर काढलेल्याला विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. असे काही घडले की मध्यस्थीही बहुधा तिथेच मोडते, कारण समोरच्याचा विश्वास उडालेला असतो.

भाडेकरूने भाडे थांबवू नये. मालक घेत नसेल तर मनीऑर्डरने किंवा बँकेतून पाठवून पुरावा ठेवावा.

आणि दोघांनीही मुदतींवर डोळा ठेवावा, कारण इथेच माणसे फसतात. थकबाकीच्या कारणावर दावा लावण्याआधी मालकाला लेखी मागणीची नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते. दाव्याचे समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सारी थकबाकी वार्षिक १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली, दाव्याचा खर्च दिला आणि पुढचे भाडे नियमित भरत राहिला, तर त्या कारणावर त्याला काढता येत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याचे समन्स आले असेल तर बचावाची परवानगी मागणारा प्रतिज्ञापत्रासह अर्ज ३० दिवसांत द्यावा लागतो. ‘मध्यस्थी चालू आहे ना, मग नंतर भरू’ असे भाडेकरू म्हणतो, मध्यस्थी फिसकटते आणि ९० दिवस निघून गेलेले असतात. मुदतीतले काम मुदतीतच करा. त्याने बोलणी बिघडत नाहीत, उलट तुमचे म्हणणे जास्त गंभीरपणे ऐकले जाते.

मध्यस्थीपर्यंत पोहोचायचे कसे

दावा अजून लावला नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व अर्ज करता येतो. अर्ज साधा असतो: दोघांची नावे-पत्ते, जागेचे वर्णन, वाद काय आहे, तुम्हाला काय हवे आहे. प्राधिकरण समोरच्याला बोलावते. तो आलाच नाही तर जबरदस्ती नसते, पण सरकारी कागदावर आलेले बोलावणे वकिलाच्या नोटिशीपेक्षा कमी बोचते, असे मला वाटते. दोघे मिळून खासगी मध्यस्थही नेमू शकतात. तिथे फी आधी ठरवून निम्मी-निम्मी वाटून घ्यावी.

दावा चालू असेल तर न्यायालयात पुरसीस (लेखी निवेदन) द्या की प्रकरण मध्यस्थीला पाठवावे. मुंबई-पुण्यात हे दावे लघुवाद न्यायालयात चालतात, इतर बहुतेक ठिकाणी दिवाणी न्यायाधीशांकडे. मध्यस्थीला पाठवण्यासाठी समोरच्याची संमती असलीच पाहिजे असे नाही. पण तडजोड मात्र दोघांच्या संमतीनेच होते. जबाब दाखल झाल्यावर, पण साक्षीपुरावा सुरू होण्याआधीची वेळ मला सर्वांत योग्य वाटते: दोघांचे मुद्दे समोर आलेले असतात आणि उलटतपासणीत एकमेकांना खोटे ठरवण्याची कडवटता अजून आलेली नसते. त्यातच प्रकरण लवकर मिटले तर कोर्ट फी परत मिळण्याची तरतूद आहे. अपिलात किंवा दरखास्तीतही (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जातही) मध्यस्थी होऊ शकते.

महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो. समोर वकील आणि आपण एकटे, अशा स्थितीत सही करायला बसू नका. आधी वकील मागा.

घरी बसून करायची तयारी

निकालातला मोठा वाटा इथे ठरतो. कागद गोळा करा: भाडेपावत्या, करारनामा, नोटिसा आणि त्यांच्या पोचपावत्या, वीजबिले, मालमत्ता कराची बिले, अनामतीचा पुरावा. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी कलम ५५ प्रमाणे मालकावर आहे. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. त्यामुळे कराराशिवाय जागा दिलेल्या मालकाने स्वतःची बाजू फार भक्कम समजू नये.

मग एका कोऱ्या कागदावर चार प्रश्नांची खरी उत्तरे लिहा. हा कागद कोणालाही दाखवायचा नाही.

१. मला खरोखर काय हवे आहे, आणि कोणत्या तारखेपर्यंत?
२. तडजोड झाली नाही तर माझे काय होईल: दावा, अपील, फेरविचार, दरखास्त यांत किती वर्षे आणि किती खर्च?
३. समोरच्याची अडचण काय आहे?
४. मी कुठपर्यंत झुकू शकतो, आणि कुठे थांबेन?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना स्वतःला फसवू नका. भाडेकरूला वाटते, ‘वर्षानुवर्षे खेचू.’ पण सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या अखेरीस दिलेल्या आत्माराम प्रॉपर्टीज निकालापासून एक गोष्ट स्पष्ट आहे: ताब्याच्या हुकूमनाम्याला अपिलात स्थगिती हवी असेल, तर जुने किरकोळ भाडे न भरता बाजारभावाजवळची रक्कम भरण्याची अट न्यायालय घालू शकते. मालकाला वाटते, ‘माझीच जागा, मलाच मिळणार.’ पण गरज सिद्ध झाली तरी तुलनात्मक अडचणीच्या मुद्द्यावर दावा जाऊ शकतो. दोघांनी आपापल्या वकिलाला नेमके विचारावे, ‘आपण हरलो तर कशामुळे हरू?’

एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन खोल्यांचे घर, भाडे दरमहा ३,००० रुपये, १४ महिन्यांची थकबाकी म्हणजे ४२,००० रुपये, मालकाकडे अनामत २५,००० रुपये. आसपास तशाच घराचे बाजारभाडे १२,०००. मालकाला मुलासाठी घर हवे, लग्न दहा महिन्यांनी. भाडेकरूला नवीन घराची अनामत भरायला आणि सामान हलवायला पैसे हवेत. मालक ४२,००० रुपयांवर अडून बसला तर भाडेकरूकडे नवीन घरासाठी काहीच उरत नाही, म्हणजे तो जाऊच शकत नाही. तेव्हा थकबाकीचा उपयोग वेगळा करता येतो: ठरल्या तारखेला जागा सोडली तर ती माफ, नाही सोडली तर सगळी वसूल. मालकाने ४२,००० रुपये सोडून बदल्यात भरवशाची तारीख घेतली. अनामतीपैकी १५,००० रुपये नवीन घराचा करार दाखवल्यावर आगाऊ आणि १०,००० किल्ल्या हातात पडताना. भाडेकरूला हलण्याची ताकद मिळाली आणि जागा अडवून धरण्याचे कारण उरले नाही.

पागडीच्या (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्याने घेतलेल्या) जागेत आकडे मोठे असतात, पण तर्क तोच. भाडेकरूने हक्क सोडण्यासाठी मोबदला घेणे १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ नुसार कायदेशीर आहे. तो मोबदला उघडपणे तडजोडपत्रात लिहा आणि बँकेतूनच द्या. अर्धी रक्कम रोख आणि अर्धी कागदावर असा व्यवहार पुढे दोघांच्याही गळ्याशी येतो.

प्रत्यक्ष बैठकीत

निर्णय घेऊ शकणारी माणसे स्वतः हजर हवीत. मालकी तिघा भावांची आणि आला एकच, तर दिवस वाया जातो. कोणी परगावी असेल तर योग्य मुखत्यारपत्र हवे. भाडेकरूच्या बाजूने मूळ भाडेकरू वारले असतील तर जागेत राहणारे आणि हक्क सांगणारे सगळे वारस हवेत.

मध्यस्थ निकाल देत नाही. तो आधी दोघांना एकत्र बसवून ऐकतो, मग एकेकाशी वेगळे बोलतो. खासगी बैठकीत सांगितलेली गोष्ट तुमच्या परवानगीशिवाय पलीकडे जात नाही. मध्यस्थीत दिलेले प्रस्ताव किंवा मान्य केलेल्या गोष्टी पुढे न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाहीत, आणि कोण अडून बसले हे मध्यस्थ न्यायाधीशांना कळवत नाही. म्हणून खासगी बैठकीत खरे बोला. ‘डिसेंबरपर्यंत मुलाला जागा नाही मिळाली तर त्याला भाड्याने राहावे लागेल’ हे मालकाने सांगितले, की मध्यस्थाला धरायला एक टोक मिळते. ‘माझा हक्क आहे’ एवढेच दहा वेळा म्हटले तर काहीच मिळत नाही.

पहिला अर्धा तास बहुधा जुन्या जखमांत जातो: गळके छत, शिव्या, अडवलेले पाणी, वडिलांच्या वेळचा शब्द. तो वेळ वाया गेला असे समजू नका. तीस वर्षे एका छपराखाली राहिलेल्या माणसांना आधी ते बोलून टाकावे लागते. काका, वहिनी म्हणणारी माणसे ‘वादी’ आणि ‘प्रतिवादी’ झालेली असतात. त्यांना पुन्हा नावाने बोलावले की बैठकीचा सूर बदलू शकतो.

मग बोलणे तारखेवर आणा. रक्कम आधी ठरवायला गेलात तर घासाघीस सुरू होते. तारीख ठरली की रक्कम तिच्याभोवती बसवता येते. थकल्यावर सही करू नका, पुढची बैठक मागा.

तडजोडपत्र: इथे घाई नको

तोंडी ठरलेले दमदार असते आणि लिहिलेले ढिसाळ, असे फार वेळा होते. पुढच्या प्रत्येक बाबीवर वेळ घालवा.

सर्वांत आधी बेदखलीचे कारण. भाडे कायद्याच्या जागेत निव्वळ ‘दोघांना मान्य आहे’ एवढ्यावर ताब्याचा हुकूमनामा सुरक्षित नसतो. मुंबईच्या जुन्या भाडे कायद्याखालच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली सांगितले, की कायद्यातले एखादे कारण अस्तित्वात असल्याचे रेकॉर्डवरून दिसले पाहिजे, आणि भाडेकरूची कबुली त्यासाठी पुरेशी ठरू शकते. म्हणून तडजोडपत्रात नेमके कारण आणि त्याची मान्यता लिहा. हे वाक्य गाळले तर काही वर्षांनी अंमलबजावणीच्या वेळी ‘हुकूमनामाच बेकायदा’ असा वाद उभा राहतो.

कारण निवडतानाही भाडेकरूने विचार करावा. मालकाची गरज हे कारण लिहिले तर कलम १८ त्याच्या मागे उभे असते: मालकाने एका महिन्यात स्वतः वापर सुरू केला नाही किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिली, तर जागा परत मागता येते. थकबाकी किंवा पोटभाडेकरूचे कारण लिहिले तर हे संरक्षण नाही. काय लिहिले जाते आहे ते विचारून घ्या.

तारीख आकड्यांत आणि अक्षरांत लिहा. ‘परीक्षा झाल्यावर’, ‘पर्यायी जागा मिळाल्यावर’ असे कधीही लिहू नका. जागेचे वर्णन खोली क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, सिटी सर्व्हे क्रमांक यांसह द्या. पोटमाळा, गच्ची, पार्किंग, सामायिक संडास यांचा उल्लेख विसरू नका.

मधल्या महिन्यांत दिली जाणारी रक्कम ‘भाडे’ न म्हणता ‘वहिवाटीची भरपाई’ म्हणून लिहा आणि त्यातून नवी भाडेदारी निर्माण होत नाही असे स्पष्ट करा. पावत्यांवरही तोच शब्द हवा. शब्द छोटा आहे, पण ‘नोटिशीनंतर भाडे घेतले म्हणजे भाडेदारी पुन्हा सुरू झाली’ हा युक्तिवाद त्यामुळे कमजोर पडतो.

भाडेकरूने न्यायालयाला हमीपत्र द्यावे: ठरल्या तारखेला रिकामा आणि शांततेने ताबा देईन, तोवर दुसऱ्या कोणाला जागेत घेणार नाही. न्यायालयाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडणे हा १९७१ च्या कायद्याखाली न्यायालयाचा अवमान आहे. जागेत राहणाऱ्या सगळ्या प्रौढांच्या सह्या घ्या. नाहीतर बेलिफ दारात आल्यावर पुतण्या पुढे येतो आणि म्हणतो, ‘मी पक्षकारच नव्हतो.’

उशिराचा परिणाम लिहा, पण वाजवी. वरच्या उदाहरणात १२,००० बाजारभाड्याला दिवसाचे ४०० रुपये शोभतात. दिवसाला ५,००० लिहिले तर ते टिकणे कठीण. मालकाने पैसे वेळेवर दिले नाहीत तर काय, हेही लिहा. ही बाजू तडजोडपत्रातून सहसा सुटते आणि भाडेकरूला भोवते. सोपा उपाय म्हणजे रक्कम आधीच न्यायालयात किंवा दोघांना मान्य असलेल्या वकिलाकडे जमा ठेवणे.

शेवटी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी: वीज-पाण्याची शेवटची बिले, गॅसजोडणी, रेशनकार्डावरचा पत्ता, दुकान असेल तर परवाने, जोडलेले पंखे आणि माळे कोणाचे, आणि एकमेकांविरुद्धच्या बाकी तक्रारी मागे घेणे.

हे पत्र न्यायालयात दाखल झाल्यावर न्यायाधीश दोघांना विचारून संमतीचा हुकूमनामा करतात. त्यावर अपील नसते. लोकअदालतीत मिटले तर तिचा निवाडाही हुकूमनाम्यासारखाच मानला जातो आणि अंतिम असतो. दावा न लावता बाहेरच मिटवत असाल तर हक्क सोडल्याचा दस्त नोंदणीकृत करा. नुसत्या स्टॅम्पपेपरवर थांबू नका. मध्यस्थी अधिनियम, २०२३ ने मध्यस्थीतून झालेल्या करारांना हुकूमनाम्यासारखे बळ देण्याची चौकट आखली आहे. तो टप्प्याटप्प्याने लागू होत असल्याने तुमच्या करारापुरती स्थिती सही करतानाच वकिलाकडून तपासून घ्या. आणि हुकूमनामा आधीच झालेला असून नंतर बाहेर काही ठरले, तर ते न्यायालयात नोंदवून घ्या. न नोंदवलेली तडजोड दरखास्तीत विचारात घेतली जात नाही.

किल्ल्या देण्याचा दिवस

ठरल्या तारखेच्या पंधरा दिवस आधी दोघांनी जागा एकत्र पाहावी. त्या दिवशी दोन साक्षीदारांसमोर ताबापावती करा. तिच्यात मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या आणि जागा पूर्ण रिकामी असल्याचे लिहा. मोबाइलवर प्रत्येक खोलीचे फोटो काढा. उरलेली रक्कम त्याच बैठकीत बँकेतून पाठवा आणि व्यवहाराचा क्रमांक पावतीवर लिहा. मग दोघांनी मिळून न्यायालयात पूर्ततेची पुरसीस द्यावी.

भाडेकरूला खरोखर अडचण आली, आजारपण आले किंवा नवे घर पंधरा दिवस उशिरा मिळाले, तर तारीख उलटण्याआधी मालकाला सांगावे आणि वाढीव मुदत लेखी घेऊन न्यायालयात नोंदवावी. तारीख उलटल्यावर केलेली विनंती सबबीसारखी दिसते. मालकाने अशा वेळी लगेच दरखास्त लावण्याआधी एकदा मध्यस्थाला फोन करावा. दरखास्तीचा रस्ता उघडाच असतो.

मिटले नाही तर

मध्यस्थ ‘तडजोड झाली नाही’ एवढाच अहवाल पाठवतो आणि दावा होता तिथून पुढे चालतो. तरी बैठकीत एखादी गोष्ट एकमताने सुटली असेल, समजा थकबाकीचा आकडा किंवा जागेचा नकाशा, तर तेवढी लेखी मान्यता देऊन साक्षीपुराव्याचे काम कमी करून घ्या. समोरच्याचा शेवटचा प्रस्ताव घरच्या त्या कोऱ्या कागदावर तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी, मालकाची उलटतपासणी झाल्यावर किंवा भाडेकरूला दुसरीकडे घर सापडल्यावर, त्याच आकड्यापासून बोलणी पुन्हा सुरू करता येतात. त्यासाठी दुसऱ्यांदा मध्यस्थी मागायला कसलीही आडकाठी नाही.